धाब्याखाली थर्मामीटर

वास्तुकलेत पीएच.डी. करायची म्हणून अमरावती-अकोल्याकडची जी मुलंमुली माझ्याकडे येतात, त्यांच्या हातातल्या कागदावर बहुधा एकाच वळणाचं शीर्षक असतं : ‘वऱ्हाडातील पारंपरिक वास्तुकला आणि नवतंत्रज्ञान यांचा समन्वय’. शीर्षक ऐकायला बरं वाटतं, समितीही नाही म्हणत नाही, आणि दोन वर्षांनी तोच विद्यार्थी विचारतो, “मॅडम, नेमकं काय मोजू?” माझा प्रबंध पूर्णेच्या खोऱ्यातल्या धाब्याच्या घरांवर होता. तो लिहिताना जे कळलं ते या मुलांना मी तुकड्यातुकड्यांनी सांगत असते. इथे क्रमांक घातले आहेत, पण सगळ्यांचं वजन सारखं नाही.

१. समन्वयावर प्रबंध होत नाही, छतावर होतो.

धाब्याचं छत म्हणजे खांबांवर किंवा भिंतींवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर किलच किंवा पऱ्हाट्या-तुराट्या (कपाशी-तुरीच्या वाळक्या काड्या), त्यावर पालापाचोळा, मग चिखल, मग पांढरी माती. आणि सगळ्यात वर, पावसाळ्याच्या तोंडाशी, खाऱ्या मातीचा, म्हणजे ‘खारी’चा, थर. खानदेशापासून पूर्णेच्या खोऱ्यापर्यंत ही चाल आहे. मी प्रश्न एवढाच ठेवला : मातीचं हे सपाट छत गळत का नाही?

उत्तर वास्तुकलेच्या पुस्तकात नव्हतं. ते अकोल्यात, डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात, म्हणजे आपल्या पीकेव्हीत, मृदाशास्त्राच्या प्रबंधांमध्ये होतं. अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांत पूर्णेच्या काठाने पसरलेला खारपाण पट्टा हा शेतीशास्त्रज्ञांचा जुना दुखरा विषय. तिथल्या चिकणमातीत सोडियम जास्त आहे. अशा मातीवर पाणी पडलं की तिचे कण एकमेकांपासून सुटतात, बारीक होऊन छिद्रांत जाऊन बसतात आणि वाट बंद करतात. म्हणून शेतात पाणी मुरत नाही, तुंबतं, पीक पिवळं पडतं. शेतकऱ्याच्या कपाळी आठ्या आणणारा तोच गुण धाब्यावर चढला की छत झाकतो. पावसाचं पाणी जवळजवळ क्षारविरहित असतं, आणि नेमक्या अशाच पाण्यात हे कण सगळ्यात चांगले सुटतात. म्हणजे गळती बंद करण्याच्या कामात पाऊसच हात लावतो.

सुटणारे कण वाहूनही जातात. दर वर्षी खारी नव्याने का टाकावी लागते आणि पन्हाळ्याच्या तोंडाशी छत आधी का खचतं, हे त्यावरून कळलं. एका छताच्या एका थराने मला रसायनशास्त्र, शेती, श्रमाचा हिशोब आणि दुरुस्तीचं वेळापत्रक एवढं सगळं दिलं. ‘समन्वय’ या शब्दाने यातलं काही दिलं नसतं.

२. नवं आणि जुनं एकत्र कालवू नका. आधी विचारा, दोघांचं जमतं का.

उत्साही विद्यार्थ्याला पहिली कल्पना सुचते ती अशी : खारीत थोडा चुना किंवा सिमेंट मिसळलं तर थर टिकाऊ होईल. आता गंमत पाहा. खारपाण जमीन सुधारायला शेतकरी जिप्सम टाकतो. जिप्सममधलं कॅल्शियम सोडियमला हुसकावतं, सुटलेले कण पुन्हा गोळा होतात, छिद्रं मोकळी होतात, पाणी मुरू लागतं. शेतात हे हवंच आहे. धाब्यावर मात्र हीच आपत्ती. चुन्यातही कॅल्शियम असतं. तो बेताने मिसळला तर मातीचे कण गोळा होतात आणि छत पाणी पिऊ लागतं. सुधारणा म्हणून घातलेली मूठ जुन्या थराचं मर्मच मारते.

भिंतीचंही तसंच. मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा दिला की घर ‘पक्कं’ दिसतं. पण पायातून खारं पाणी भिंतीत चढतच असतं. माती किंवा चुन्याच्या गिलाव्यातून ते बाहेर उडून जातं, मागे पांढरा लोणा राहतो, तो झाडून टाकता येतो. सिमेंटने वाट अडवली की ओल आणखी वर चढते, क्षार गिलाव्याच्या पाठीमागे जमतात, आणि काही वर्षांत सगळा गिलावा मातीची साल घेऊन खाली येतो. दर्यापूर-अकोटकडे फिरताना कमरेच्या उंचीपर्यंत फुगलेल्या भिंती दिसल्या, की त्यावर सिमेंट कधी चढलं ते विचारा.

त्यामुळे नव्याला जागा द्यायची तर ती वेगळ्या थरात द्यावी, या मतावर मी आले. जोत्यात ओल अडवणारा थर घाला, तो नव्या साहित्याचा चालेल. छताखालचा भार पेलणारा सांगाडा नवा चालेल. खारीला खारीच राहू द्या.

३. मिस्तरीचं आधी ऐका, मग त्याला तपासा. दोन्ही करा.

पाया खोदताना एका म्हाताऱ्या मिस्तरींनी मला ऐकवलं होतं, “मॅडम, काळीवर घर ठेवलं त थे हालते. काळी उकरून फेका, मुरूम भरा, चोपा, मंग काय बांधाचं थे बांधा.” काळी कपाशीची जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही माहीत असतं, कारण भेगेत चेंडू गेलेला असतो. मिस्तरींचं म्हणणं मी वहीत उतरवलं आणि मग वाचायला बसले.

रूरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने याच जमिनीसाठी तळाशी फुगीर कंद असलेले पाइल विकसित केले. ते फुगण्या-आकसण्याच्या थराच्या खाली जाऊन घर धरून ठेवतात. आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी दुसरी वाट काढली. फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या, पण चिकटून राहणाऱ्या मातीचा ठराविक जाडीचा थर दाबून बसवायचा, म्हणजे खालचं फुगणं आटोक्यात राहतं. कालव्यांखाली आणि रस्त्यांखाली ही पद्धत वापरली गेली. मिस्तरींचा मुरूम आणि कट्टींचा थर सख्खे नसतील, भाऊबंद नक्कीच आहेत.

फरकही आहे, आणि प्रबंध त्या फरकात असतो. नुसता भरभरीत मुरूम पाणी खाली जाऊ देतो, ते काळीत पोचतं आणि काळी पुन्हा फुगते. कट्टींच्या थराला थोडी चिकण लागते. मग मी मिस्तरींना विचारलं, मुरूम कोणत्या खदानीचा घेता? ते म्हणाले, तांबूस, मुठीत दाबला तर लाडू वळला पाहिजे असा. म्हणजे चिकणीची परीक्षा त्यांच्याकडे होतीच, फक्त ती प्रयोगशाळेच्या भाषेत नव्हती. हे मी त्यांना विचारलंच नसतं, तर ‘स्थानिक ज्ञान अपुरे आहे’ असं एक वाक्य माझ्या तिसऱ्या प्रकरणात बिनबोभाट छापलं गेलं असतं.

४. टेप बाहेर काढण्यापूर्वी चहा घ्या.

देशमुखांच्या, पाटलांच्या गढ्या मोजायला गेलात की पहिल्या दहा मिनिटांत सगळे भाऊ, चुलतभाऊ आणि एखादा पुण्याहून फोनवर आलेला पुतण्या हजर होतो. “मोजणी काऊन करून राह्यल्या? कोनं बलावलं तुमाले?” कारण टेप दिसला की वाटणी आठवते. बहुतेक गढ्यांवर कुणाचा ना कुणाचा हिस्सा अडकलेला असतो, आणि त्यांची पडझड होण्यात पावसाइतकाच या भांडणांचा वाटा आहे. म्हणून सगळ्या भावांसमोर बसायचं, कॉलेजचं पत्र मोठ्याने वाचून दाखवायचं, नकाशाची प्रत प्रत्येक घराला द्यायचं कबूल करायचं आणि ती खरंच द्यायची. ढाळजेत ज्येष्ठ पुरुष बोलतात. घर कसं चालतं ते मागच्या दाराशी कळतं. दोन्हीकडे बसा.

५. मे महिन्यात मोजा, आणि रात्रीही मोजा.

अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५च्या वर जातो, देशातल्या सर्वांत तापलेल्या शहरांच्या यादीत अकोला दर उन्हाळ्यात येतं. अशा दुपारी धाब्याखाली शिरलं की ‘किती गार!’ असं तोंडातून निघतंच. संशोधकाने इथेच थांबू नये. दीड फूट जाडीच्या मातीच्या भिंतीतून बाहेरची उष्णता आत पोचायला साधारण १० ते १२ तास लागतात. चार इंची काँक्रीटच्या स्लॅबमधून अडीच-तीन तासांत ती खाली उतरते. म्हणजे स्लॅबचं घर संध्याकाळी पाचला भट्टी होतं. मातीचं घर भट्टी होत नाही, पण जी काही ऊब येते ती मध्यरात्री येते.

म्हणून वऱ्हाडातलं मातीचं घर मोजताना अंगण आणि धाबं मोजलं नाही, तर अर्धंच घर मोजलं. उन्हाळ्यात रात्री माणसं आत झोपतच नव्हती. बाजा बाहेर यायच्या. दिवसा आत, रात्री उघड्यावर, हा त्या रचनेतला अलिखित करार होता. आता चोरीची भीती, डास, मुलींची काळजी आणि टीव्ही या सगळ्यांनी तो मोडला आहे. दार लावून आत झोपणाऱ्या कुटुंबाला मध्यरात्रीची ती ऊब सोसावी लागते. ‘पारंपरिक घर हवामानाला अनुकूल’ हे वाक्य लिहिण्यापूर्वी कोणाच्या दिनक्रमाला अनुकूल, हेही लिहावं लागतं.

आणि कूलर! विदर्भाच्या वास्तुकलेत गेल्या पन्नास वर्षांत सर्वांत मोठा बदल कोणी केला असेल तर तो वास्तुविशारदांनी नव्हे, कूलरने. कूलरला ओली हवा बाहेर जायला वाट लागते, नाहीतर खोली दमट होऊन घुसमटते. जुन्या घरांच्या खिडक्या लहान, तेही मुद्दाम, लू आत येऊ नये म्हणून. अशा घरात कूलर लावला की दोघंही आपलं काम नीट करत नाहीत. खारपाण पट्ट्यात तर पाण्याने कूलरच्या गवतावर पांढरी पापुद्री चढते ती वेगळीच. गुहेसारखं बंद घर आणि वारा मागणारं यंत्र यांचा मेळ कसा घालायचा, हा मला परंपरा-नवता वादातला सर्वांत खरा प्रश्न वाटतो. तो कुठल्याही गौरवग्रंथात मला सापडला नाही. छताजवळ उघडझाप करता येईल असा झरोका, हे माझं उत्तर. ते अंतिम आहे असा माझा आग्रह नाही.

साधनांबद्दल एवढंच : नुसत्या हवेचं तापमान पुरेसं नाही. भिंतीतून आणि छतातून अंगावर येणारी धग मोजायला काळ्या गोळ्याचा थर्मामीटर लागतो. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातल्या संशोधकांनी भारतीय माणसाला किती उकाडा सुसह्य वाटतो याचं आपलं प्रारूप मांडलं आहे. युरोपातल्या सूटबुटातल्या माणसावर बेतलेल्या कोष्टकांपेक्षा ते आपल्या कामाचं.

६. किल्लारी विसरू नका.

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे लातूर-उस्मानाबादकडे किल्लारीच्या भूकंपात सुमारे ८,००० माणसं गेली. त्यांतली बहुतेक आपल्याच घराखाली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीचं जड माळवद. मातीच्या छतावर प्रेम करणाऱ्या प्रत्येकाने हा हिशोब एकदा हाताने करावा : फूटभर जाडीच्या मातीचं वजन दर चौरस मीटरला ५०० किलोच्या पुढे जातं, म्हणजे साध्या स्लॅबच्या दुप्पट. दर वर्षी जुनी न काढता नवी माती चढवत गेलं की ते आणखी वाढतं. मी पाहिलेल्या काही धाब्यांची जाडी आजोबांच्या काळापासून वाढतच आली होती.

पण किल्लारीचा दुसरा भागही वाचावा. जिथे छत भिंतींवर नव्हे, तर खणाखणाने उभ्या केलेल्या लाकडी खांब-तुळयांवर होतं, तिथे बऱ्याच ठिकाणी भिंती कोसळल्या आणि सांगाडा उभा राहिला. म्हणजे परंपरेत एकच शहाणपण नव्हतं. सागवान परवडणाऱ्याचं एक आणि न परवडणाऱ्याचं दुसरं. मेळघाटच्या पायथ्याशी, अचलपूर-परतवाड्याकडे लाकूड जवळ, तिथले खण दणकट. पूर्णेच्या मधल्या उघड्या पट्ट्यात लाकूड महाग, तिथे भिंतीच छत धरतात. मातीची घरं भूकंपात टिकावीत म्हणून भारतीय मानक १३८२७ आहे, तेही १९९३चंच. ते चाळल्याशिवाय कुणाच्याही डोक्यावर मातीचं छत सुचवू नका.

७. सारवण कोण करतं, हे प्रबंधात आलं पाहिजे.

एका गावात आजींना मी घराच्या गारव्याबद्दल विचारत होते. “घर थंड हाये बाई, खरं हाये; पन सारवून सारवून माह्या हाताचे हाल पाह्य.” टिकाऊ, पर्यावरणस्नेही, कमी खर्चाचं, ही सगळी विशेषणं त्या हातांवर उभी आहेत आणि खर्चाच्या तक्त्यात त्यांचा रकाना नाही. मी तो रकाना घातला : सणावारी आणि पावसाळ्याआधी भिंती-जमिनीवर बायकांचे किती तास जातात, ते त्यांनाच विचारून. समितीतल्या एका सदस्यांना ते ‘समाजशास्त्र’ वाटलं. माझ्या मते तो देखभालीचा खर्चच होता, कुठल्याही इमारतीच्या अहवालात असतो तसा.

आता त्या आजींचा मुलगा घरकुलाच्या यादीत नाव कधी येतं याची वाट पाहतो. ग्रामीण भागाच्या प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट प्रदेशासाठी १ लाख २० हजार रुपये आणि किमान २५ चौरस मीटरचं घर. मातीची भिंत म्हणजे ‘कच्चं’ ही मोजदाद २०११च्या सर्वेक्षणातच ठरली. त्याला धाबं वाचव म्हणून सांगायला आपण कोण? सांगायचंच तर हे सांगावं, की त्या २५ चौरस मीटरच्या स्लॅबवर पांढरा चुना मारता येतो, वर सावली देता येते, पश्चिमेची भिंत परसातल्या मातीच्याच विटांची, जाड करता येते. माझ्या प्रबंधातलं सर्वांत वाचलं गेलेलं पान हेच. ते मी मराठीत वेगळं छापून ग्रामपंचायतींना दिलं.

८. कागद चार गावांना विखुरलेले आहेत.

वऱ्हाड आधी निजामाचं. १८५३च्या तहाने कारभार इंग्रजांकडे, १९०३मध्ये मध्य प्रांताला जोड, १९५६ला मुंबई राज्यात. त्यामुळे एका शहराची कागदपत्रं हैदराबाद, नागपूर, मुंबई आणि लंडन अशी फिरतात. अमरावतीचा परकोट पेंढाऱ्यांपासून व्यापाऱ्यांच्या रक्षणासाठी निजामाच्या सरकारने १८०७मध्ये बांधायला घेतला. त्याचे पाच दरवाजे आणि चार खिडक्या लोकांच्या तोंडी आहेत, पण परकोटाआतल्या जुन्या घरांचं खरेदीखत हाती आलं तर ते बहुधा मोडीत. मोडी शिका. काही महिन्यांत वाचता येते. लायल या इंग्रज अधिकाऱ्याने १८७०मध्ये काढलेलं वऱ्हाडाचं गॅझेटियर आणि नंतरची, १९१०-११ची अकोला-अमरावतीची गॅझेटियरं वाचावीत, पण त्या साहेबांनी घर बहुधा रस्त्यावरून पाहिलं आहे हे ध्यानात ठेवून.

९. नियम एकदा नीट वाचून बाजूला ठेवा.

२०२२च्या यूजीसी नियमावलीप्रमाणे किमान तीन वर्षं, कमाल सहा; अभ्यासक्रमाचे किमान १२ क्रेडिट; स्त्रियांना दोन वर्षांची जास्तीची मुभा आणि २४० दिवसांपर्यंत बाळंतपणाची रजा. प्रबंध देण्याआधी शोधनिबंध छापलाच पाहिजे ही सक्ती आता नाही. छापू नये असा त्याचा अर्थ नाही, पण पैसे घेऊन छापणाऱ्या मासिकांचा धंदा त्या सक्तीवर वाढला होता, म्हणून ती गेली त्याचं मला दुःख नाही. विषय ठरवण्याआधी ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या संकेतस्थळावर एक आठवडा घालवा, तुमचं शीर्षक तिथे तीन वेळा सापडेल.

१०. विषय पडून आहेत, घ्या.

संत गाडगेबाबांचं नाव अमरावतीच्या विद्यापीठाला आहे. त्या माणसाने पंढरपूर, नाशिक, आळंदी अशा ठिकाणी वर्गणीतून धर्मशाळा उभ्या केल्या. गरिबांच्या गर्दीसाठी बांधलेल्या या इमारतींचे आराखडे, त्यांचं पाणी, त्यांची स्वच्छता यांवर एक भक्कम प्रबंध होईल. दर्यापूर तालुक्यात महिमापूरची सात मजली पायविहीर आहे; उन्हाळ्यात तिच्या प्रत्येक मजल्यावर किती गारवा असतो, हे कुणी वर्षभर मोजलं तर मी पहिली वाचक. अकोला, खामगाव, मूर्तिजापूरकडच्या जिनिंग-प्रेसिंगच्या जुन्या शेड्स भरपूर उजेड, मोठा खण आणि वारा घेऊन उभ्या आहेत, आणि जमिनीच्या भावापायी पाडल्या जातायत. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्ड करण्याचं तंत्र आणलं. आमच्याकडे पऱ्हाटीचं कूड पिढ्यान्‌पिढ्या होतं आणि आज पऱ्हाटी शेतातच जाळतात. त्या बोर्डाला वऱ्हाडाच्या उन्हात आणि वाळवीत किती दिवस टिकवता येतं, हे पाहायला प्रयोगशाळेपेक्षा एखादं अंगण जास्त उपयोगी. मेळघाटातल्या कोरकूंची बांबूच्या भिंतींची, कवेलूंची घरंही आहेत. पण तिथे आधीच इतके लोक वही घेऊन गेले आहेत, की जायचं असेल तर आधी कोरकू बोली शिका.

आणि उन्हाळ्याचं मोजमाप करायचं ठरलं असेल, तर घरमालकांची परवानगी फेब्रुवारीत घ्या, यंत्रं मार्चमध्ये लावा. एप्रिल संपता संपता गावात लग्नं निघतात, धाब्यावर वऱ्हाडी झोपलेले असतात, आणि तुमच्या काळ्या गोळ्यावर कुणीतरी ओला टॉवेल वाळत घातलेला असतो.